गुणवंतरावांच्या घराची किल्ली

चामोर्शी
होळीचा चवथा दिवस, सन १९५७

बापाच्या तेरवीले तू आली नाई. तार पोहचली होती, मले मालूम आहे. चार-चार कोसांवरून लोक आले. ज्यांले गुणवंतरावांनी उभ्या जन्मात पाणी विचारलं नाई, तेबी आले अन् दोनदा भात मागून जेवले. सख्खी लेक नाई आली. सगळे मले विचारत, लेक कुठी आहे? मी घरात भाड्यानं राहणारी बाई, मी काय सांगू? सांगितलं, सिरोंच्याची वाट लांब आहे, मधात नद्या आहेत. माघ महिन्यात कोणती नदी भरून वाहते, हे विचारायची अक्कल कोणाले नव्हती म्हणून निभलं.

हे लिहून झालं, आता बाकीचं. वच्छलाले शकुमायचा आशीर्वाद. मी बरी आहो, गुडघे सोडून. अक्षर वाकडं दिसंन, तर हसू नको. पाटीवर तूच गिरवून घेतलं होतं, तू दहा वर्षांची अन् मी दोन लेकरांची माय. दुसरीचं पुस्तक अर्धं झालं अन् तुले कंटाळा आला. म्हणून माझं जोडाक्षर असं आहे. दोष तुझा.

काम असं की मले तुमचं घर सोडायचं आहे. आमचा मुखरू बल्लारपूरले कारखान्यात लागला, तो सहा वर्षांपासून म्हणून राह्यला, माय, चाल. त्याचा बाप गेला तेव्हापासून. नातवंडं आता इतकी मोठी झाली की मले पाहून तोंड लपवतात. इथी माझा जीव अडकला नाई. दोन वर्षं छपरावरचे कवेलू फेरले नाईत, पाऊस आला की मागच्या खोलीत चार ठिकाणी गंज-भांडी ठेवावी लागतात. उद्या निघ म्हटलं तर निघीन. पण घर देऊ कोणाच्या हातात, हा प्रश्न आहे.

तेरवी करून गेलेला तुझा भाऊ भैयाजी पंधराव्या दिवशी चांद्याहून परत आला. चपला न काढता म्हणे, "शकुबाई, किल्ली द्या." मी विचारलं, कोणती? तुमच्या समोरच्या घराची की मी राहते त्या मागच्या? आता दोन्ही माझ्याच कमरेले आहेत. तो म्हणे, दोन्ही. मी नाई देल्ली.

आम्ही इथी आलो तेव्हा मुखरू पोटात होता अन् तू रांगत होती. तुझी आजी जिती होती. ती म्हणे, एका हातानं देल्लेल्या घरात झगडा शिरते. म्हणून तुझ्या मायबापानं दोघांनी मिळून किल्ली धरली, अन् मी अन् माझ्या नवऱ्यानं, लटारूनं, दोघांनी मिळून घेतली. कागद नाई, साक्षीदार नाई. एकोणतीस वर्षं झगडा शिरला नाई. तुझा झगडा धरत नाई, तो समोरच्या घरातला.

आता माझा लटारू नाई, तुझे मायबाप नाईत. घेताना दोन हात होते, देताना माझा एकच राह्यला. तो माझा नाइलाज. पण घेणारे तर दोन जिते आहेत. बाजारात कोणी पेपर वाचून सांगत होता की नवा कायदा झाला, लेकीलेबी बरोबरीचा वाटा. कायदा मले समजत नाई. मले इतकं समजते की गुणवंतरावाची लेकरं दोन. तू अन् भैयाजी. दोघंबी उंबऱ्यात उभे राहा, किल्ली दोघांच्या हातावर ठेवते अन् जाते.

दुसरं असं की मागावर ताणा चढला आहे. कोणाचं तरी काम आहे. कोणाचं, त्याचं तुले काय करायचं. विणताना पाय सोडून बसायचा मागाचा खड्डा लटारूनं मागच्या पडवीत खोदला होता, तो बुजवून, सारवून, जशी भुई घेतली तशी देणं माझं काम. पण मागावर ताणा असताना कोष्टी खड्डा बुजवत नाई. जित्या माणसावर माती लोटल्यासारखं ते. भैयाजीले हे सांगितलं तर तो हसला. हसू दे.

कोणत्या बाजाराच्या दिवशी येते ते कळवजो. तुझ्या त्या तेलंग्या नवऱ्याले आणायचं असंन तर आण, मी काही त्याले खात नाई.

शकुबाई


चामोर्शी
रामनवमी होऊन तिसरा दिवस

उत्तर देल्लं नाई तू. तरी हे लिहिते. हे पोस्टात टाकत नाई, ह्याच्यासोबत येणाऱ्या लुगड्याच्या घडीत ठेवते. भैयाजी स्वतः सिरोंच्याले तुझ्याकडे येणार आहे, तर तिकीट कशाले फुकट घालू.

आधी घराचं. भैयाजी परवा एका माणसाले घेऊन आला. फीत लावून दोघांनी समोरची पडवी मोजली, विहिरीपर्यंत मोजलं, माझा खड्डाबी मोजला. धान कांडायची गिरणी बसवायची म्हणतात. चांगलं आहे. चामोर्शीले गिरणी पाहिजेच, बायांचे हात सुटतील. सागवानाचे ते दोन खांब, जे तुझ्या बापानं आलापल्लीहून बंडीवर आणले होते, ते काढतील म्हणे. ते काढायचे की ठेवायचे, हे त्याच्या एकट्याच्या तोंडून ऐकून मी काय करू. म्हटलं, ताईले विचार.

मंग त्यानं माग पाह्यला. लुगडं तेव्हा संपत आलं होतं, दीड हात राह्यलं होतं. त्यानं विचारलं, हे कोणाचं? मी खोटं बोलू शकली असती. नाई बोलली. सांगितलं, तुझ्या बापाचं काम आहे, वच्छलासाठी. त्यानं बोट लावून पाह्यलं काठाले. मंग एकदम नरम होऊन म्हणे, "मीच पोहचवतो ताईले. आलापल्लीवरून मोटर आहे." मले बरं वाटलं. अकरा वर्षांनी भाऊ बहिणीच्या दारात जाते, तर मी काऊन आडवी येऊ?

आता लुगड्याचं ऐक. मी सांगणार नाई असं कबूल केलं होतं, म्हणून पहिल्या पत्रात लपवलं.

तुझ्या बापाचे डोळे दोन वर्षांपासून गेले होते, तुले लिहिलं होतं. दिवाळीच्या आठ दिवसांनी काठी टेकत मागच्या घरात आले. म्हणे, शकुबाई, एक करवतकाठी लुगडं विण, करवतीच्या दातांच्या काठाचं, अठरा हात. मी म्हटलं, तुमच्या घरात लुगडं नेसणारं कोण आहे? तर म्हणे, होतं. दुसरं काही बोलले नाई अन् मीबी विचारलं नाई. ढिवराकडून रेशमाचे कोसे घेतले, ऐनाच्या झाडावरचे, चांगले घट्ट. राखेच्या पाण्यात उकडले, मांडीवर सूत काढलं. एवढं बारीक सूत मी मुखरूच्या लग्नालेबी काढलं नव्हतं.

करवतीचा काठ एकट्यानं होत नाई, तुले आठवत असंन. आडवं सूत नेणारा मधला धोटा फेकायले एक, काठाचा धोटा फेकायले बाजूले दुसरं माणूस. पहिले लटारू अन् मी होतो. आता कोण? मी म्हटलं, शेजारच्या मनकर्णाले बसवते. तर तुझा बाप म्हणे, "मी बसतो."

मी हसली. आंधळा माणूस, घरमालक, अन् कोष्ट्याच्या खड्ड्याच्या काठावर बसून धोटा फेकणार. पण बसले. तीन दिवस तो धोटा त्यांच्याच मांडीवर पडे. माझ्या नवऱ्याले मी जितकं बोलली नाई तितकं तुझ्या बापाले बोलली. आंधळे आहा की हात बी गेले? मी असं म्हणे अन् ते खाली मान घालून धोटा शोधत. चवथ्या दिवशी जमलं थोडं. मंग रोज सकाळी आंघोळ करून येत. अंगठ्यानं करवतीचे दात मोजत, एक चुकला की मलेच म्हणत, उसव. मी काही उसवलं नाई. रोज उसवलं असतं तर लुगडं पुढच्या जन्मी झालं असतं.

पाच हात झाले तेव्हा माघ लागला होता. एक दिवस म्हणाले, "तिले सांगजो नको मी बसलो म्हणून. बाप हरला असं तिच्या नवऱ्याले ऐकू जाईन." मी कबूल केलं. त्याच्या आठ दिवसांनी ताप आला, अन् पुढचं तुले तारेत कळलं.

राह्यलेले तेरा हात मनकर्णाले बसवून पुरे केले. लुगडं उघडून पाह्य. पहिल्या पाच हातांत करवतीचे दात वाकडे-तिकडे आहेत, दोन-तीन ठिकाणी पडलेच आहेत. तो तुझा बाप आहे. पुढचे सरळ ते आम्ही.

मी कबुली मोडली. मेलेल्या माणसापुढे खोटी पडली तर पडली. काठ कोणी केला हे लपवणं आमच्या धंद्यात बसत नाई.

आता ताणा उतरला. भैयाजीसोबतच निघून ये. किल्ली देते, खड्डा बुजवते, मोकळी होते.

शकुबाई


चामोर्शी
अक्षय तृतीयेचा दुसरा दिवस

माझे हात म्हातारे झाले म्हणते तू?

तुझं पत्र काल आलं. सहा ओळी. त्यातली एक ओळ अशी: भावानं आणलेलं लुगडं फार सुंदर आहे, सुरुवातीचा काठ तेवढा बिघडला, शकुमायचे हात आता थकले वाटते. मी ती ओळ तीनदा वाचली. माझ्या हातानं बिघडलेला काठ चांदा जिल्ह्यात एकबी बाई दाखवू शकणार नाई. माझा राग तिसऱ्यांदा वाचून गेला, अन् मंग समजलं की तुले घडीतलं पत्र मिळालं नाई.

मंग बाकीच्या ओळी समजल्या. तू लिहिलं, बाबांनी मरतानाबी माझं नाव घेतलं नसंन, पण भैयानं आठवण ठेवली. माहेर उघडलं. त्यानं कागद पुढे केला, मी सही केली, मले घर काय करायचं. अन् हे बी की तेरवीले आली नाई कारण जाताना बाबा म्हणाले होते, मी मेलो तरी येऊ नको. वा. बापाचं ऐकायचं तेव्हा ऐकलं नाई, अन् जे ऐकायचं नव्हतं ते अकरा वर्षं धरून ठेवलं. तू त्याचीच लेक आहे, यात शंका नाई.

काल अक्षय तृतीयेले सकाळी मी तुझ्या बापाच्या नावाची पितरांची घागर भरली होती. खरं म्हणजे ते लेकाचं काम, पण लेक आला दुपारी. भैयाजी. तुझ्या सहीचा कागद घेऊन. मले म्हणे, साक्षीदार म्हणून खाली अंगठा लावा. मी कागद हातात घेतला अन् वाचला. त्याले वाटलं नसंन की मी वाचीन. जोडाक्षरं अडली, पण मतलब निघाला. लिहिलं होतं की भावानं साडीचोळी करून माझं समाधान केलं, म्हणून वडिलांच्या घरात माझा हक्क राहिला नाही. अन् खाली, साडी भावानं माझ्यासमोर विणवून घेतली, असं मी म्हणायचं.

मी म्हटलं, "मले अंगठा लावता येत नाई, सही येते. सही येते म्हणूनच करत नाई."

तो म्हणे, कागदावर ताईची सही आहे, तुमची नसली तरी चालते. मंग कशाले मागतो, मी विचारलं. तो निघून गेला.

बहिणीले साडीचोळी करून हक्क सोडून घेतात, हे काही आज झालं नाई. माझ्या भावानं मले तसंच केलं, मी मुकाट्यानं अंगठा लावला, तेव्हा मले अक्षर येत नव्हतं. पण माझं लुगडं खरंच त्याचं होतं. वच्छे, तुझं लुगडं तुझ्या बापाचं आहे. पाच हात त्यानं आपल्या हातानं विणले, डोळे नसताना, माझ्या शिव्या खात, खड्ड्याच्या काठावर बसून. पडलेले दात मोज. ते त्याचे आहेत. पूर्ण हकीकत त्या पत्रात होती, आता पुन्हा लिहायले माझी बोटं दुखतात. भैयाजीले ते पत्र मी विचारणारच आहो.

ते लुगडं हातात धरून तू सही केली, अन् ते विणलं मी, अन् भैयाजीच्या हातात देल्लं तेबी मी. तिकिटाचे पैसे वाचवले मी. हे कबूल करते.

आता दुसरं कबूल करते, म्हणजे एकाच रजिस्टर पत्रात होऊन जाईन. तुले अन् पोचूले वैनगंगेच्या घाटावर बोलताना पाह्यलं, ते तुझ्या बापाले मीच सांगितलं होतं. मले वाटलं बाप समजावून सांगंन. त्यानं दार लावलं. तू मले कधी विचारलं नाई अन् मी कधी सांगितलं नाई. अकरा वर्षं तू मलेच पत्रं लिहिली, त्याले मी वाचून दाखवली, तो ऐकून घे अन् उठून जाई.

बाजारातल्या अर्जनवीसाले विचारलं. तो म्हणे, असा कागद घरी ठेवून काही होत नाई, सरकारी दफ्तरात नोंदवावा लागते, अन् त्याच्यासाठी सही करणारी बाई स्वतः पुढे उभी पाहिजे. म्हणजे भैयाजी तुले घ्यायले येईन. पावसाच्या आत येईन, कारण नंतर तुमची वाट बंद. तेव्हा तू काय करायचं ते तू ठरव. हक्क सोडायचा असंन तर खुशाल सोड, मी आडवी येत नाई. घर तुमचं. पण लुगड्यापायी सोडू नको. ते आधीच तुझं होतं.

शकुबाई


चामोर्शी
मृगाले बारा दिवस बाकी

पोचपावती आली, त्यावर तुझी सही आहे, अन् उत्तर नाई. तेवढीच सही करता येते का तुले?

हे पत्र चैतूच्या हाती पाठवते. चैतू आलापल्लीच्या जंगलात लाकडाच्या बंड्या हाकते, तिथून सिरोंच्याच्या मोटरीत बसून लाकूड डेपोवर तुझ्या पोचूरावांले गाठून तुमच्या घरी आणून देईन. पोस्टावर माझा राग नाई, पण दोनदा पोस्टानं पाठवून उत्तर आलं नाई. चैतूले जेवू घाल. तो रानातला मडिया माणूस आहे, मागणार नाई, म्हणून विचारू नको, वाढ.

भैयाजी परवा आला. सोबत वकिलाची नोटीस होती, की अमुक तारखेच्या आत घर खाली करून द्या. मी नोटीस भिंतीतल्या देवळीत ठेवली अन् म्हटलं, बस. तो बसला नाई. मी विचारलं, घडीतलं पत्र कुठी आहे?

मले वाटलं म्हणंन, पडलं. नाईतर म्हणंन, कोणतं पत्र. त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून काढून दाखवलं. दीड महिना सोबत घेऊन फिरत होता. फाडलं नव्हतं. घडीवर मळ बसला होता, म्हणजे उघडून उघडून वाचलेलं.

मी म्हटलं, वाचलं तर देल्लं काऊन नाई?

तो म्हणे, "वाचलं म्हणूनच नाई देल्लं."

मंग तो बसला. जिथी तुझा बाप बसे, खड्ड्याच्या त्याच काठावर, त्याले मालूम नव्हतं. कोटावर माती लागली तरी उठला नाई. अन् बोलला. मी त्याले लहानपणापासून पाहून राह्यली, इतकं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. तो म्हणे, दर महिन्याले मी आलो. डोळ्यांत औषध मी टाकलं. नागपूरच्या डॉक्टरले मी दाखवलं. ताईचं नाव घरात घ्यायचं नाई, तर मीबी अकरा वर्षं घेतलं नाई, सख्ख्या बहिणीचं. "माझ्यासाठी बाबानं एक धोटा नाई फेकला, शकुबाई. अन् जी आली नाई तिले पाच हात."

 

त्याच्या बोलण्यात गिरणी नव्हती, घर नव्हतं. घर त्याले पाहिजे, हे खरं आहे, मी त्याले साधू म्हणत नाई. कागदावर जे त्यानं लिहवून घेतलं ते वाईटच होतं, तोंडावर सांगितलं. पण मले वाटत होतं की त्यानं लुगडं चोरलं ते घरासाठी. तसं नाई. बापानं आपल्यासाठी केलं असतं तर कसं वाटलं असतं, हे पाहायले त्यानं ते आपल्या नावावर नेलं. तुझ्या दारात उभा राहून म्हटलं, मी आणलं. तू रडली म्हणे, त्याच्या गळ्यात पडली म्हणे. तो म्हणे, तेवढं मले मिळालं, शकुबाई, ते खोट्याचं मिळालं.

मी त्याले एवढंच सांगितलं की, भैयाजी, तू यायच्या दिवशी म्हातारा सकाळपासून समोरच्या ओट्यावर बसे, मोटरीचा आवाज ऐकत. दुपार झाली तरी जेवत नसे. मी म्हणे, भात थंड झाला. तो म्हणे, थांब. हे मी पाह्यलं आहे. हे कोणाले काठात विणून दाखवता येत नाई, म्हणून तुले दिसलं नाई.

तो उठला, विहिरीवर जाऊन तोंड धुतलं, कितीतरी वेळ धुतलं. 

परत आला तेव्हा मी म्हटलं, पत्र दे, मी पाठवते. देल्लं. ते ह्याच्या आत ठेवलं आहे, तूबी वाच. तुझ्या सहीचा कागद त्यानं फाडला नाई. मी फाड म्हटलंबी नाई. तुम्हा दोघांचा तो कागद, तुम्ही पाहा. साक्षीसाठी मले पुन्हा विचारलं नाई त्यानं. नोटिशीचं काय, मी विचारलं. तो म्हणे, राहू द्या तिथीच.

जाताना उंबऱ्यात थांबला. मी म्हटलं, दोघं मिळून या अन् किल्ली घ्या, मंग गिरणी बसवा, खांब काढा, वाटून घ्या, विकून टाका, मी विचारायले येणार नाई. तो म्हणे, "मी येईन. पण ताईनं बोलावलं तर." मी म्हटलं, तूच बोलाव तिले. तर म्हणे, एकदा खोटं बोलून तिच्या दारात गेलो, आता कोणत्या तोंडानं बोलावू? अन् असं बी म्हणे की ताईनं अकरा वर्षांत शकुमायले पंचवीस पत्रं लिहिली, मले एक नाई. मी मोजली नव्हती. त्यानं मोजली होती.

मुखरू बंडी घेऊन मृगाच्या आधी येते. त्याले थांबवीन तर चार-सहा दिवस थांबवीन, त्याचीबी नोकरी आहे. खड्ड्यात दहा टोपले माती पडली आहे, अजून तीस लागंन. मागाची लाकडं सोडून बांधून ठेवली. बल्लारपूरले खड्डा खोदायले जागा नाई, सिमेंटची भुई आहे, तरी लाकडं नेते. समोरच्या घरात तुझ्या मायची पाटी सापडली, जिच्यावर तू मले गिरवून घेतलं. ती ओट्यावर ठेवली आहे. तुटली आहे, न्यायची तर ने.

पोचूरावांले सांग, मी त्यांले तेलंग्या म्हणत होती. आता म्हणणार नाई, पण माफी मागत नाई, वय झालं माझं.

आता उत्तराचं. ह्या पत्राचं उत्तर पाहिजे, अन् पाऊस लागायच्या आत पाहिजे. ते पोचूरावांनी लिहायचं नाई, कितीबी चांगलं अक्षर असंन त्यांचं. कोण्या अर्जनवीसानं लिहायचं नाई. तू लिहायचं, तुझ्या हातानं. अन् मले नाई लिहायचं. माझ्या नावाचं आलं तर मी फोडणार नाई, तसंच वापस करीन. भैयाजीले लिही. पत्ता मागच्या बाजूले टाकला आहे. काय लिहायचं ते मी सांगणार नाई. येतो म्हण, येत नाई म्हण, शिव्या दे, पण त्याले दे. चैतू उत्तर घेतल्याशिवाय तुमच्या ओट्यावरून उठणार नाई, त्याले मी तसंच सांगून पाठवलं आहे.

शकुबाई